दाजींच्या कोटाची पाठ

तर ताईने तो काळा कोट टेबलावर पालथा टाकला आणि पेटीवाल्याला विचारलं, "याची पाठ कुठंय?" काल इथवर आलो होतो आणि मला जेवायला हाक आली. जेवून येतो तर तुम्ही सगळे झोपलेले. म्हणून आता लिहूनच काढतो. कागद जांभया तरी देत नाही.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. पेटीवाला म्हणजे शवपेट्या विकणारा, आणि ताई म्हणजे माझी थोरली बहीण. शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन, मशीनशेजारी खिडकी, खिडकीत खडूचे तुकडे आणि सांडलेल्या टाचण्या गोळा करायला एक लोहचुंबक. कोट शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती म्हणायची, समोरून कोट कोणीही शिवेल. समोर बटणं असतात, कॉलर असते, वर माणसाचा चेहरा असतो, लोकांचं लक्ष वाटलं जातं. पाठीत मात्र शिंप्याला लपायला जागा नसते.

तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पाणीखात्यात मीटर वाचायचे. लोकांच्या दारात ओणवं व्हायचं, आकडा बघायचा आणि असा चेहरा करायचा की घरमालकाने न विचारता खुलासा द्यावा. पण रविवारी हेच दाजी चर्चच्या गायनमंडळाचे प्रमुख. आता प्रमुख उभा राहतो गाणाऱ्यांकडे तोंड करून, म्हणजे बाकीच्या मंडळीच्या वाट्याला त्याची पाठ. आमच्याकडच्या निम्म्या लोकांनी रस्त्यात दाजींचा चेहरा ओळखला नसता, पण पाठ लांबून ओळखली असती. ती पाठ ताईने शिवलेली. दाजी दोन्ही हात वर करायचे आणि कोट खांद्यावरून तसूभर सरकायचा नाही. ताई बाकावर बसून डोळे मिटायच्या वेळेलासुद्धा त्या शिवणीकडे बघत असायची. मी शेजारीच बसायचो, म्हणून मला माहीत. म्हणजे माझेही डोळे उघडेच होते.

दाजी गेले तेव्हा ताई इस्पितळात होती. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं, उठायची परवानगी नाही. इकडे दाजी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. दफन तिच्याविना झालं. सगळी धावपळ थोरल्या दिरांनी केली. दाजींचे चांगले कोट कपाटात, कपाटाची किल्ली ताईच्या पर्समध्ये आणि पर्स इस्पितळात उशीखाली. त्या गडबडीत ते कोणाला सुचलं नाही. दिरांनी पेटीवाल्याकडूनच पेटीबरोबर कपडेही घेतले. पुढे ताईला फोटो दाखवला. दाजी पेटीत, काळा कोट, पांढरी कॉलर, टाय सरळ. ताई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "टाय कोणी बांधला? बरा बांधलाय." त्यावर तिने समाधान मानलं होतं.

मग काही वर्षांनी पेटीवाल्याचा शिंपी काम सोडून गेला आणि पेटीवाला नमुन्याचा कोट घेऊन ताईकडे आला. "अगदी असेच शिवून द्या," म्हणाला. "लहान, मध्यम, मोठा. गिऱ्हाईक तक्रार करत नाही." ताईने कोट पालथा केला तो तेव्हा.

"पाठ नसते, ताई," पेटीवाला म्हणाला. "समोरचा भाग, बाह्या आणि मागे दोन नाड्या. मेलेला माणूस हात मागे नेत नाही, मग कोट चढवायचा कसा? आम्ही समोरून घालतो आणि कडा अंगाखाली खोचतो. काही कळत नाही."

"सगळ्यांना असाच?"

"सगळ्यांना. न्यायाधीश असो नाहीतर न्हावी."

"आमच्या ह्यांनापण?"

पेटीवाल्याने वर छताकडे बघितलं. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं. "तेव्हाही रेडीमेडच होतं, ताई," तो म्हणाला.

आता यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. पण आपल्या लोकांची श्रद्धा काय आहे? मेलेल्या माणसाचा नुसता आत्मा वर जाऊन बसतो आणि संपलं, असं आपण म्हणत नाही. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, कबरी उघडतील आणि माणसं उठतील. शरीरासकट उठतील. दर रविवारी आपण सगळे उभे राहून हे एका सुरात म्हणतो, मग खाली बसतो आणि घरी गॅस बंद केला होता का, ते आठवायला लागतो. ताई मात्र ते म्हणायची आणि त्यावर विचारही करायची.

तिचा विचार सरळ होता. शरीर उठणार. अंगावर कोट असणार. कोटाला पाठ नसणार. सगळी मंडळी जमलेली असणार, कोणीतरी म्हणणार, चला, गाणं सुरू करा. आणि दाजी सवयीने पुढे होणार आणि सगळ्यांकडे पाठ करून उभे राहणार.

त्या दिवशी ताई जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी आधी ती दिरांकडे गेली. मला सोबतीला नेलं. दीर पेपर वाचत होते.

"भाऊजी, ह्यांचा कोट घेताना मागून बघितला होता?"

"मागून कशाला बघायचा?" दीर म्हणाले. "तो उताणा होता."

"उताणे किती दिवस राहणार?"

दिरांनी पेपर खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा वर धरला. त्या पेपरामागून ते आम्ही निघेपर्यंत बाहेर आले नाहीत.

तिथून आम्ही चर्चच्या पाळकसाहेबांकडे. ते भले गृहस्थ होते. त्यांनी हसून सोडलं नाही, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग समजावलं की उठणारं शरीर हेच असेल, पण असंच नसेल. त्याला दुखणं नसेल, म्हातारपण नसेल, ते तेजस्वी असेल.

"तेजस्वी असेल, मान्य," ताई म्हणाली. "मग उघडी पाठही तेजस्वीच असेल. जास्तच उठून दिसेल."

"ताई, एव्हाना तो कोट मातीला मिळाला असेल."

"हेही मिळाले असतील. देव ह्यांना परत जोडणार ना? मग कोटाला काय अवघड आहे? पण जसा होता तसाच जोडला तर?"

पाळकसाहेबांनी थोडा विचार केला. "आपला विश्वास असला ना, की अशी काळजी राहत नाही," ते म्हणाले.

"विश्वास आहे म्हणून तर काळजी आहे," ताई म्हणाली. "नसता तर उघड्या पाठीने माझं काय बिघडलं असतं?"

मग तिने कबर उघडून द्यायची विनंती केली. फक्त थोडा वेळ, फक्त कोटापुरती. पाळकसाहेब तिथे मात्र हलले नाहीत. कबर उघडणं हे ज्याचं काम आहे तोच उघडेल, म्हणाले. ताईलाही ते पटलं. पटलं म्हणून तर ती घरी येऊन रडली. मी तिला रडताना फार कमी वेळा बघितलंय. रडता रडता ती टाचण्या गोळा करत होती.

पेटीवाल्याचं काम तिने घेतलं, पण एका अटीवर. कोटाला पाठ असणार. पेटीवाला हो म्हणाला आणि महिन्याभरात बोंबलत आला. "ताई, दया करा! काल एका जाड्या दुकानदाराला तुमचा कोट घालताना आमचाच माणूस पेटीत पडला. घरचे बाहेर ताटकळत बसलेले. आतून आवाज आला तर एक म्हातारी म्हणाली, उठले वाटतं."

तेव्हा ताईने डोकं लढवलं. पाठ दोन भागांत कापली आणि मधल्या शिवणीत आतून चपटे हूक बसवले. कोट समोरूनच चढवायचा, मग माणसाला कुशीवर करून हूक लावायचे. लावले की बाहेरून अखंड शिवण. पेटीवाल्याने बोटाने चाचपून बघितलं तरी त्याला हूक सापडेना. "हे जमेल," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडून ही मोठीच स्तुती होती.

गोष्ट बाहेर फुटायची ती फुटलीच. म्हातारे स्वतःच्या पायांनी ताईकडे यायला लागले. एक निवृत्त हेडमास्तर ट्रायलला आले. आरशासमोर उभे राहिले, पुढून बघितलं, मागून बघितलं, आणि म्हणाले, "खिसे लावा."

"खिसे कशाला, मास्तर? तिथे काय घेऊन जायचंय?"

"घेऊन काही जायचं नाही. हात कुठे ठेवू?"

"न्यायाला उभे राहताना हात खिशात घालणार?"

मास्तर ओशाळले. त्यांनी हात पाठीमागे बांधून बघितले, वर्गात बांधायचे तसे. "हे कसं दिसतंय?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच न्याय करायला आल्यासारखं दिसतंय. मग त्यांनी हात सोडले. खिशांशिवायचा कोट घेऊन गेले आणि पुढे बरीच वर्षं त्यांना तो लागला नाही. मधूनमधून येऊन तो थोडा सैल करून घ्यायचे.

अशा सगळ्या गावच्या पाठी झाकल्या, पण ज्या पाठीसाठी हे चाललं होतं ती तशीच राहिली. ताई थकत गेली. डोळे गेले नाहीत, गुडघे गेले. आणि एका सकाळी मी गेलो तर तिच्या मशीनवर दाजींचा कोट. नवा. काळं कापड, अस्सल, तिने कधीचं जपून ठेवलेलं.

"माप कुठलं घेतलंस?" मी विचारलं.

"तीच तर अडचण आहे," ती म्हणाली. "लग्नातल्या वयाचे उठतील की जातानाच्या? लग्नात काठी होते. शेवटी पोट सुटलं होतं. पाळकसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, ऐन उमेदीतले. ऐन उमेद म्हणजे किती इंच, ते त्यांना सांगता येईना. म्हणून दोन्ही बाजूंना शिवणीत कापडाची भरपूर माया ठेवलीय. तिथल्या तिथे उसवता येईल."

तिचा बेत असा होता: तिची जागा दाजींच्या शेजारी राखलेली होतीच. तिच्या पेटीत हा कोट तिच्याबरोबर ठेवायचा. कर्णा वाजला की ती उठणार, शेजारी वळणार आणि दाजी कोणाकडे पाठ करायच्या आत त्यांच्या खांद्यांवर कोट टाकणार.

पण आमच्या दफनभूमीचा नियम आहे की पेटीत माणूस आणि त्याचे कपडे, बाकी काही नाही. कोणे एके काळी कोणाच्या तरी मुलांनी बापाबरोबर रेडिओ ठेवला होता आणि तो बंद करायला विसरले होते. तेव्हापासूनचा नियम. ताईने अंथरुणातूनच पाळकसाहेबांना निरोप धाडला. ते आले. तेही आता काठी टेकत चालायचे. मी होतो, पेटीवाला होता. ताईने कोट पांघरुणावर पसरून ठेवला होता, पाठ वर.

पाळकसाहेबांनी तो हातात घेतला. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"मी हो म्हटलं, तर उद्या कोणी छत्री मागेल," ते म्हणाले.

"मला छत्री नकोय," ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तुम्ही कबर उघडू दिली नाहीत, मी ऐकलं. आता माझ्याकडे एवढीच एक संधी आहे. ही गेली तर तो माणूस सगळ्यांसमोर तसाच उभा राहील, आणि मी शिंपीण असून शेजारी रिकाम्या हातांनी उभी असेन."

पेटीवाला खाली बघत होता.

"घडी घालून हातावर ठेवला, तर तो कपड्यांतच धरता येईल," पाळकसाहेब शेवटी म्हणाले. "बायका शाल घेतात तसा."

"उजव्या हातावर," ताई लगेच म्हणाली. "हे माझ्या उजव्या बाजूला आहेत."

पाळकसाहेबांनी मान डोलावली. कोटाची घडी त्यांनी स्वतः घातली, चुकीची घातली, ताईने ती मोडून नीट घातली. जायला उठले आणि दारात थांबले. माणूस प्रामाणिक होता, मनात आलेली शंका त्याला गिळता येत नसे.

"पण ताई," ते म्हणाले, "कर्णा वाजेल तेव्हा सगळे एकदमच उठतील, असं कुठे आहे? ते तुमच्या आधी उठून पुढे निघून गेले, तर मग?"

ताई उशीवरून थोडी वर झाली.

"हे? माझ्या आधी? पाळकसाहेब, दर रविवारी तुमची घंटा वाजून वाजून थकायची, तरी हे कूस बदलून झोपायचे. मी पाठीवर हात ठेवून 'अहो, उठा आता' म्हटल्याशिवाय हा माणूस आजवर कधी उठलाय का?"