दिव्याचं ओझं

साऱ्या तापीकाठावर बैलाला विचारल्याशिवाय कुठलंही काम हाती न घेणारा गृहस्थ एकच होता, आणि तो म्हणजे आमचे मोठे मामा. ब्राह्मणपुरीत त्यांची चांगली शेती होती, पण घरात चाबूक नव्हता. चढ लागला की मामा गाडीतून उतरून बैलांच्या बरोबरीनं चालत आणि आतल्या पाहुण्यालाही उतरवत, मग तो मामलेदार कचेरीतला का असेना. कोणी शहाद्याच्या बाजाराला चला म्हटलं, तर "धवळ्याले इचारीसन सांगसू," हे उत्तर ठरलेलं. धवळ्या हा त्यांचा आवडता बैल. तो कान हलवी, त्याचा अर्थ मामा लावत, आणि तो बहुधा मामांच्या मनासारखाच निघे.

एका वर्षी मामा सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा आणायला गेले आणि डायनामो घेऊन आले. एका तंबू-सिनेमावाल्यानं तो विकायला काढला होता. त्यानं यंत्राला बॅटरीची वीज दिली, तर ते आपोआप फिरलं; हातानं फिरवलं, तर त्यातूनच वीज निघून दिवा लागला. मामा खूश. "लेस बी, देस बी! सोयरा असाच पाह्यजे!" मामींनी विचारलं, "घोडा कोठे शे?"

"हाऊच घोडा. चारा मांगत नही."

"मंग येले वढी कोन?" मामी म्हणाल्या. घरात त्या वेळी हा प्रश्न कोणी मनावर घेतला नाही.

मामांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. लग्न विजेच्या उजेडात लावीन, असा शब्द त्यांनी लोणखेड्याच्या व्याह्यांना दिला. व्याही हसले. "उजेड नही पडना तर तुमना फेटा मन्हा!" आता मामांचा फेटा धवळ्याच्या खांद्यावर होता. त्याला उसाच्या चरकाला जुंपून, चाकांना पट्टे लावून मामांनी डायनामो फिरवण्याचा रोज सराव केला. धवळ्या मजेत चाले. दिवे मात्र फुटतील म्हणून लग्नाच्याच दिवशी जोडायचे ठरले.

गोरज मुहूर्ताला चार दिवे जोडले. क्षणभर मांडव उजळला, आणि धवळ्या जागीच थांबला. अंधार.

"काय व्याही, तुमनी वीज बसी गई का?" लोणखेड्याच्या व्याह्यांनी हाक दिली.

मामांनी धवळ्याला चुचकारलं, पण चाबूक मागवला नाही. त्यांनी फेटा काढून व्याह्यांच्या हाती दिला आणि स्वतः चरकाच्या दांडीला खांदा लावला. धवळ्यानंही पाऊल उचललं, दिवे लुकलुकले. व्याह्यांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी तो फेटा मामांच्या डोक्यावर परत ठेवला, शाल कमरेला बांधली आणि तेही दांडीला लागले. पाचच पावलांत ओरडले, "आरे, दिवा जड शे!" दोन व्याही आणि एक बैल फिरत राहिले, आणि मंगलाष्टका उजेडात पार पडल्या.

पुढे मामांनीच मला कॉलेजात पाठवलं. चुंबकांमध्ये तारेचं वेटोळं फिरलं की त्यात वीज येते; पण दिवा जोडून ती वाहू लागली की तिचंही चुंबकत्व तयार होतं आणि ते फिरणाऱ्या वेटोळ्याला मागे ओढतं, हे आमच्या प्राध्यापकांनी शिकवलं. वर्गात मला एकट्याला ते लगेच पटलं. मामा वसतिगृहावर आले, तेव्हा रिकाम्या व्हरांड्यातले दिवे पाहून अस्वस्थ झाले. "कोन वढी ऱ्हायना हाई?" मी सांगितलं, घाटात पाणी चाकं फिरवतं. ते म्हणाले, "पानी बी थकत व्हई," आणि एकेक बटण बंद करत गेले.

मामा गेले त्या वर्षी दिवाळीला मी ब्राह्मणपुरीला गेलो. डायनामो गोठ्यातच होता. मी सहज चाक फिरवलं, हलकं फिरलं. मामेबहिणीनं तिच्या लग्नातला जपून ठेवलेला एक दिवा आणून तारेला जोडला. तो लागला, आणि माझा हात जड झाला. ती समोर आली आणि तिनं चाकाची दुसरी बाजू धरली.