पहिल्या फेरीतला सदरा

घर एक असेल तर त्याचं पाणीही एक असावं, असं मी वॉशिंग मशीन आलं त्या दिवशी सर्वांसमोर बोललो. सौसरच्या आमच्या घरी ते नारळ फोडून सुरू झालं. झाकणावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. शुभ म्हणून पहिल्या फेरीत प्रत्येकाचा एकेक कपडा टाकायचं ठरलं: बायकोची साडी, मुलाची पँट, सुनेची ओढणी, दीड महिन्याच्या नातीचं झबलं आणि माझा शेतातला सदरा. पुढे तीच रीत झाली.

पंधरा दिवसांत नातीच्या मानेवर आणि मांड्यांवर लाल पुरळ उठलं. ती सारखी रडे, दूधही अर्धवट सोडी. बायकोनं मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. मी वाचणारा माणूस, म्हणून साबणाच्या पुडीवरची बारीक अक्षरं वाचली आणि साबण बदलायला लावला. पुरळानं दोघांचंही ऐकलं नाही.

मी, बायको आणि सून नातीला लस द्यायला घेऊन गेलो, तेव्हा नर्सबाईंनी झबलं नाकाशी धरलं.

"घरी फवारणी कोन करते?"

"मामाजी करतेत. बोरगावच्या संत्र्याच्या बगीच्यात," सून माझ्याकडे, तिच्या सासऱ्याकडे, बोट दाखवत म्हणाली.

"अन् त्यायचे कपडे?"

"मशीनमंदीच. सगळ्यायचे संगच धुऊन राहिलो आमी."

नर्सबाई माझ्याकडे वळल्या. "बाबूजी, औषधाच्या डब्यावर काय लिहेल असते? वाचता येते न तुमाले?"

"येते."

"येते म्हंजे?" बायको म्हणाली. "रोज आमाले पेपर वाचून दाखवतेत."

"त्यानंच झालं असन असं नाही," नर्सबाई म्हणाल्या, "पन आधी फवारनीचे कपडे लेकराच्या कपड्यायसंग धुनं बंद करा. अन् लेकराले डॉक्टरले दाखवा."

डॉक्टरांनी मलम दिलं आणि कपड्यांचं तेच सांगितलं. घरी येऊन मशीन गरम पाणी आणि साबण घालून दोनदा रिकामं फिरवलं. बाळाचे सगळे कपडे सुनेनं वेगळ्या टबात, सौम्य साबणानं हातानं धुतले, फेस पूर्ण जाईपर्यंत तीन-चारदा खंगाळले आणि कडक उन्हात वाळत घातले. फवारणीच्या सदऱ्याला वेगळी बादली आणि परसातली वेगळी दोरी मिळाली. तो रबरी हातमोजे घालून मीच धुवायचा, हे बायकोनं ठरवलं. या प्रसंगी भाषण झालं नाही.

आठवड्याभरात पुरळ गेलं. मशीनच्या झाकणावरचं कुंकू मात्र अजून निघालेलं नाही.