एका मताने हरलेल्या काकू

जगात कुठेही नवा राष्ट्रप्रमुख शपथ घेवो, त्याच्याइतकाच आनंद नोएडातल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना होतो. छत्तीस वर्षं दिल्लीच्या एका सरकारी कार्यालयात त्यांनी एकच काम केलं: निवडून आलेल्या परदेशी नेत्यांना धाडायच्या शुभेच्छांचे मसुदे लिहिणं. निवृत्त झाले, पण सवय सुटली नाही. धुक्यात समोरचा टॉवर दिसेनासा झाला, की शाल पांघरून बाल्कनीत बसतात आणि कधीही न पाहिलेल्या बेटांशी मैत्रीचे बंध दृढ करत राहतात. चहा गार होतो. हाक मारली तर म्हणतात, "थांबा, शपथविधी चाललाय." भाजीवाल्याला किडकी मेथी परत करतानाही त्याला धीर देतात, "दोनों पक्षों के संबंध यथावत रहेंगे."

त्यांची एक शिस्त होती. निकालाआधीच दोन्ही उमेदवारांच्या नावे शुभेच्छा तयार ठेवायच्या आणि नंतर हरलेल्याचा कागद फाडायचा. यंदा सोसायटीच्या अध्यक्षपदाला आमच्या काकू उभ्या राहिल्या, समोर बी टॉवरचे कर्नलसाहेब. काकांनी शिस्त घरातही पाळली आणि टेबल पुसताना काकूंना दोन्ही कागद सापडले.

त्यात काकू एका मताने हरल्या. मतं मीच मोजली होती, दोनदा: एकशे बेचाळीस आणि एकशे एक्केचाळीस. आमच्याकडे फ्लॅटमागे एकच मत, आणि त्यांचा फ्लॅट काकांच्या नावावर.

"अहो, मत कुणाला दिलंत?" काकूंनी विचारलं.

"मतदान गुप्त असतं," काका सवयीने बोलून गेले.

काकूंनी बोलणं टाकलं. पदग्रहणाला काकांनी कर्नलसाहेबांच्या शुभेच्छा इतक्या सुंदर वाचल्या की टाळ्या थांबेनात. काकूंनी एकच टाळी वाजवली.

पाचव्या दिवशी सकाळी काका माझ्याकडे आले. "हरलेल्याला काय लिहितात हो? आमच्याकडे तसा नमुनाच नव्हता."

"खरं काय ते लिहा," मी म्हटलं.

दुपारी काकू एक कागद घेऊन खाली आल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "वाच." त्यावर लिहिलं होतं, "माझं मत तुलाच होतं. गुप्ततेचा भंग केल्याबद्दल क्षमा असावी."

इतक्या वर्षांच्या शुभेच्छांखाली सह्या नेहमी मोठ्या साहेबांच्या असत. याखाली काकांची होती.

"सही बघ गं, शाळेतल्या पोरासारखी," काकू म्हणाल्या, आणि कागदाची जपून घडी घालून काकांचा चहा ठेवायला वर गेल्या.