मोडेमचा चौथा दिवा

माझी आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होती. त्या काळी बाहेरगावी फोन करायचा तर आधी तिच्याकडे नोंद करायची, ती जोडून देईपर्यंत वाट बघायची आणि जोडून दिल्यावर तीन मिनिटांत बोलणं आटपायचं. तीन मिनिटं झाली की आत्या वायर ओढून मोकळी. पलीकडे कुणी आजारी असो, नाहीतर कुणाचं लग्न जुळत असो. "रांगेत आणखी माणसं आहेत," एवढं एकच वाक्य, तेही मऊ आवाजात. बँकेचे मॅनेजरसुद्धा तिच्याशी अदबीने बोलत. मग स्वयंचलित यंत्रं आली, लोक आपापले नंबर फिरवू लागले आणि मॅनेजर तिला रस्त्यात ओळखेनासे झाले.

एकच ओळख टिकली होती. दूरच्या एका शहराच्या एक्स्चेंजमध्ये तिच्यासारखीच एक ऑपरेटर होती. दोघी दिवसातून चाळीस वेळा बोलायच्या, पण कधी भेटल्या नव्हत्या. आत्या तिला "पलीकडची" म्हणायची. तीही आत्याला बहुधा तेच म्हणत असणार.

त्या पलीकडचीचं पत्र आलं. अक्षर मोठं, ओळी उतरत गेलेल्या. दोन्ही डोळे अधू झाले होते. पंधरा दिवसांनी, मंगळवारी ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी कसलाच शब्द दिलेला नव्हता. पुढे लिहिलं होतं: आवाजावरून मी तुला मनात कशीतरी उभी केली आहे. ती बरोबर आहे का ते एकदा बघायचं आहे. सुनेच्या कॉम्प्युटरवर माणूस दिसतो म्हणे. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी, चार वाजता.

"फोटो पाठव," बाबा म्हणाले. आत्या त्यांची मोठी बहीण, तरी बाबा तिला एकेरीच बोलतात.

"फोटो बोलतो का? तिला मला बोलताना बघायचंय."

"तुला बोलताना रोज बघतो आम्ही. इतकं काही बघण्यासारखं नसतं."

प्रवास दोन दिवसांचा होता आणि आत्याच्या गुडघ्यांना दोन जिनेसुद्धा जड. राहिला कॉम्प्युटर. तो आमच्याकडे होता, म्हणजे बाबांच्या ऑफिसने टाकून दिलेला होता. पडदा पुढे लहान, मागे पोट सुटलेलं, रंग जुन्या दातांसारखा. सुरू केला की आतला पंखा दळण दळल्यासारखा घरघरायचा आणि सात मिनिटांनी पडदा उजळायचा. आत्याने त्यावर विणलेला रुमाल घातला होता आणि रुमालावर फुलदाणी ठेवली होती. ती फुलदाणी उतरली तेव्हाच मला कळलं, की प्रकरण गंभीर आहे.

ब्रॉडबँडसाठी आत्याने कंपनीला फोन लावला. "आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत, कृपया प्रतीक्षा करा," असं एक रेकॉर्ड केलेली बाई सांगत राहिली. आत्याने बावीस मिनिटं ऐकून घेतलं. तिला राग आला नाही. ती फक्त म्हणाली, "'प्रतिनिधी' म्हटल्यावर श्वास घ्यायला हवा होता. भलतीकडे घेते. शिकवलेलंच नाही कुणी." मग खरी मुलगी फोनवर आली. आत्याने आधी तिला आवाज जिभेवरून काढावा की घशातून, ते समजावलं आणि मग पत्ता दिला. का कोण जाणे, पण तिसऱ्याच दिवशी तंत्रज्ञ दारात हजर झाला.

तो कॉम्प्युटरभोवती एक फेरी मारून म्हणाला, "मावशी, हा चालू होतो?"

"तुम्ही चालू होता ना सकाळी? तसाच तोही होतो. जरा वेळ लागतो."

त्याने खोका उघडला, फुंकर मारून धूळ उडवली, लॅन कार्ड नावाची हिरवी पट्टी आत बसवली, फोनच्या वायरला दोन तोंडांची डबी जोडली आणि एक पांढरा मोडेम टेबलावर ठेवला. मोडेमला चार दिवे होते. चौथा लागून स्थिर झाला की समजायचं, आपण जगाला जोडले गेलो. चौथा दिवा लागला. आत्याने सही केली. तो गेला.

दुसऱ्या दिवशी इंटरनेट नव्हतं.

तक्रार केली, क्रमांक मिळाला. संध्याकाळी एका यंत्राचा फोन आला, की आपली तक्रार समाधानकारकरीत्या मिटली आहे. तक्रार मिटल्यानंतर दोन दिवसांनी तंत्रज्ञ आला. त्याने मोडेम लावला, चारही दिवे लागले. "लाइन ठणठणीत आहे मावशी."

"लाइनबद्दल मला सांगू नका."

तो गेल्यावर, दुसऱ्या सकाळी, पुन्हा तेच. आत्या रोज सकाळी सरावाला बसायची. मी कॉलेजातून आले की तिचा चेहरा पाहून काय ते कळायचं. एकदा, दोनदा, तीनदा तक्रार झाली. यंत्राने तिन्ही समाधानकारकरीत्या मिटवल्या. बाबांनी कंपनीला पत्र लिहायला घेतलं आणि त्यात "ग्राहक हा राजा" असं लिहून ते खोडलं.

शनिवार उजाडला, म्हणजे हातात एकच दिवस उरला. तंत्रज्ञ तिसऱ्यांदा आला. या वेळी मी घरी होते. आत्याने त्याला बसवून चहा दिला आणि म्हणाली, "तुम्ही हात लावू नका. मी रोज करते तसं करते, तुम्ही बघा."

तिने मोडेम सुरू केला. पहिला दिवा लागला. दुसरा लुकलुकत लुकलुकत स्थिर झाला. तिसरा लागला. कॉम्प्युटर घरघरत होता. आत्याची नजर मात्र दिव्यांवर नव्हती, भिंतीवरच्या घड्याळावर होती. आणि चौथा दिवा पहिल्यांदा लुकलुकला न लुकलुकला, तोच तिने हात लांबवून मोडेमची वायर ओढली.

तंत्रज्ञाचा कप तोंडाशीच थांबला. "मावशी, हे काय केलंत?"

"तीन मिनिटं झाली."

"मग?"

"मग काय? अडवून धरू का लाइन? रांगेत आणखी माणसं असतील." आधीच्या दोन खेपांना तंत्रज्ञ स्वतः बसला होता. खात्याच्या माणसाची लाइन तोडायची नसते, म्हणून तिने तोडली नव्हती.

त्याने कप खाली ठेवला. तो हसला नाही, हे मला त्याचं अजून आवडतं. "मावशी, यात रांग नसते. सगळे एकदम बोलतात."

"सगळे?"

"दिवसभर. कुणी कुणासाठी थांबत नाही."

"आणि मधे जोडून कोण देतं?"

"कुणी नाही. आपोआप."

आत्याने वायरकडे पाहिलं. एकतीस वर्षं तिने किती जणांचं बोलणं मधेच कापलं असेल, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही, आणि ती तो आता मांडणार नव्हती. "असं असेल तर," ती म्हणाली, "बोलण्याला काय किंमत राहिली," आणि वायर पुन्हा लावली. पाच मिनिटांनी चौथा दिवा स्थिर झाला. तो विझू नये म्हणून त्या दिवशी तिने घरात कुणाला फोनही करू दिला नाही.

रविवारी चारला पडद्यावर एक चौकोन उघडला. त्यात जाड चष्म्याचा एकच डोळा आणि अर्धं नाक होतं. पलीकडची पडद्याला जवळजवळ चिकटून बसली होती.

"हॅलो," आत्या म्हणाली. कामावरच्या आवाजात.

"हॅलो," तिकडूनही तसंच आलं.

इतकी वर्षं दोघी दुसऱ्यांना जोडून देऊन बाजूला होत आल्या होत्या. आता बाजूला व्हायला जागा नव्हती.

"मला तुझा गळा दिसतोय," पलीकडची शेवटी म्हणाली. "आणि खालचं टेबल."

मैत्रिणीकडून मागून आणलेला कॅमेरा पडद्याच्या माथ्यावर बसवलेला होता. मी तो वाकवायला गेले, तर आत्याने माझा हात झटकला. "हात लावू नकोस. लाइन जाईल." आणि ती स्वतःच वाकली.

"आता?"

"आता ओठ."

आत्या आणखी वाकली. हनुवटी टेबलाला टेकली.

"हं. आता दिसलीस. बोल काहीतरी, तोंड हलू दे."

ठरवून ठेवलेलं काहीच आत्याला आठवलं नाही. तिने ब्रॉडबँडच सांगायला घेतलं. तक्रारींचे क्रमांक, समाधानकारकरीत्या, रेकॉर्डवरच्या बाईचा चुकलेला श्वास. पलीकडची हसत होती, पण तिचा तो एक डोळा मिटत नव्हता. मग आवाज तुटू लागला.

"थांब," पलीकडची म्हणाली. "तुझं चित्र अडकलंय इकडे."

मी कळफलकाकडे धावले.

"नाही, काही करू नका. राहू दे असंच. हलत होती तेव्हा नीट दिसत नव्हती. आता बघून घेते."

तिकडचं चित्र थांबलेलंच होतं. आत्या उठून चहा करून आली असती, तरी त्यात फरक पडला नसता. पण ती हनुवटी टेबलावर टेकवून, अर्ध्यावर राहिलेल्या शब्दासाठी तोंड तसंच उघडं ठेवून बसून राहिली.