कोठ्यातली सुरक्षित जागा

आता सांगतो, पण आधी ते कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगताना एकाला मधेच हसू फुटलं आणि अर्धा कप चहा माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर आला. चुका काय, सगळेच करतात. पण मी केली तशी करायला रीतसर प्रशिक्षण लागतं. आणि ते मी घेतलं होतं!

झालं काय, नांदुऱ्याला आपत्तीत जीव कसा वाचवायचा याचं एक दिवसाचं शिबिर होतं. वांग्याची तोडणी चालू, त्यामुळे गावातून कोणी जाईना. मी गेलो. खरं सांगायचं तर तिथे जेवण आहे असं कळलं होतं. येताना एक शिट्टी, एक नारंगी जाकीट आणि एक प्रमाणपत्र घेऊन आलो. प्रमाणपत्राला प्लास्टिक चढवून ते दर्शनी भिंतीवर लावलं. आता इतकं शिकल्यावर माणूस वाट बघणार नाही का? संकट येऊ नये हे मान्य. पण शिट्टीचं काय करायचं?

आणि आला हो भूकंप!

एप्रिल महिना, सकाळचे नऊ. मंगला, म्हणजे आमची मंडळी, गॅसवर कुरडयांचा चीक घोटत होती. माय शेजारी खाटेवर बसून तिला सूचना देत होती. मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. वॉकर धरून चार पावलं चालायची. जिभेला मात्र वॉकर लागत नव्हता. एकदम फडताळातली भांडी खडखडली, पंखा झुलायला लागला आणि पायाखालून मालगाडी गेल्यासारखं वाटलं.

हलणं थांबलं तसा मी शिट्टी फुंकली आणि जाकीट घातलं. नाही, खोटं कशाला बोलू, आधी जाकीटच घातलं. मग गॅस बंद केला आणि मायला अंगणात आणलं.

"अहो, चीक!" मंगला ओरडली. "गाठी होतीन ना त्याच्या!"

"जीव मोठा का चीक मोठा?"

"तीन दिवस गहू म्या भिजवले, तुमी नाही!"

ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पण इथपर्यंत मी बरोबर होतो बरं का! हे लक्षात ठेवा, कारण यापुढे असं म्हणायची वेळ येणार नाही.

शिबिरात सांगितलं होतं, घरात परत शिरण्याआधी भिंती तपासा. मी दारातूनच पाहिलं. मधल्या खोलीच्या भिंतीवर, खालून वर, नागमोडी, मातकट रेघ! जमिनीपासून थेट कमरेएवढी. ही काल नव्हती. म्हणजे निदान मी पाहिली नव्हती.

"भेग!" मी म्हणालो. "कोणी हात लावू नका. कोणी आत जाऊ नका."

लांबूनच हात ताणून रेघेच्या टोकाशी पेन्सिलीनं खूण केली. संध्याकाळी पाहतो तर रेघ खुणेच्या चार बोटं वर! रात्र आम्ही अंगणात काढली. सकाळी पाहिलं तर चांगली वीतभर वर! घर माझ्या डोळ्यांसमोर फाटत होतं आणि मी हातात पेन्सिल घेऊन उभा.

खामगावच्या बहिणीला, शोभाला, फोन लावला. ती म्हणाली, "दादा, मायले माह्याकडं पाठव." मी लगेच दुपारची गाडी सांगितली.

मायला सांगितलं तर ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती घराकडे बघत राहिली.

"घर पडन का रे?"

"सांगता येत नाही, माय."

"तुह्या बापानं अन् म्या बांधलं थे. भिंतीले पानी माराले हंडे म्या वाह्यले डोक्यावर." मग म्हणाली, "पडलं तं मंग मी वापस कुठी येईन?"

बाबा गेल्यापासून ती शोभाकडेसुद्धा दोन दिवसांवर राहिली नव्हती. मला फार वाईट वाटलं. डोळे भरून आले, म्हणून मी शिट्टी फुंकली.

गाडी येईपर्यंत सगळ्यांना सुरक्षित जागी हलवायचं ठरवलं. अंगणाला लागूनच भिंत, म्हणून अंगण बाद. झाडाखाली नको, फांदी पडते. खांबाखाली नको, तार तुटते. मग राहिला घरामागच्या आमच्या वावरातला कोठा, म्हणजे गुरांचा गोठा. चार लाकडी खांब, वर पत्रे, भिंतच नाही! भिंत नाही तर पडणार काय? आहे की नाही डोकं?

बाजूलाच टमाट्याच्या रोपांवर बांबूंना बांधलेली हिरवी जाळी होती. तिच्याखाली छान सावली. पण माणसं तिथे घुसली तर रोपं तुडवतील, म्हणून तिकडे मी कोणाला जाऊ दिलं नाही. म्हणजे बघा, टमाटे जाळीखाली आणि माणसं पत्र्याखाली!

माझं बघून शेजारचे आले. त्यांचं बघून त्यांचे शेजारी. दहा वाजेपर्यंत पाच घरं माझ्या कोठ्यात. सगळ्यांचं एकच म्हणणं, "सुधाकरभाऊ शिकून आलेला मानूस हाय." एप्रिलचं ऊन, वर तापलेला पत्रा, माणसं भाकरीसारखी भाजून निघत होती, पण हलायला कोणी तयार नाही. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वहीत सगळ्यांची नावं लिहीत होतो. आयुष्यात एवढा मान मला कधी मिळाला नव्हता हो!

फक्त एक माणूस आत येईना. माय. तिनं तिची खाट जाळीच्या कडेला लावून घेतली.

"माय, आत ये ना! सगळे आत हायेत."

"मी नाही येत तुह्या पत्र्याखाली."

"काऊन?"

"त्या पत्र्यावर काय हाय, पाह्य ना जरा."

"पत्र्यावर काय असन? ऊन असन!"

लोक हसले. मीही हसलो. म्हातारं माणूस, घराच्या चिंतेनं चिडचिड करतंय, असं समजून मी सोडून दिलं.

अकराच्या सुमाराला मायनं शेजारच्या बायांनी आणलेलं भाकरीचं टोपलं आणि ठेच्याचं भांडं आपल्या खाटेपाशी ओढलं आणि आवाज दिला, "ज्याले जेवाचं असन थ्यानं इकडं या. आत कोनाले काही भेटनार नाही!"

सकाळपासून उपाशी माणसं. कोठा एका मिनिटात रिकामा. मी ओरडलो, "रांगेनं! रांगेनं!" शिट्टी वाजवली. कोण ऐकतो? मी एकटा खुर्चीवर वही घेऊन बसून राहिलो. मग ठेच्याचा वास आला. तत्त्व वेगळं आणि भूक वेगळी. उठलो, चार पावलं चाललो, कोठ्याबाहेर पाय टाकला आणि...

पुन्हा हललं!

धब! धब! धब! माझ्या मागे दगड पडत होते. दगड! चांगले पायलीएवढे! एक तर जुना गंजका पत्रा फोडून थेट माझ्या खुर्चीवर. खुर्चीचे दोन पाय गेले.

"सुधाकर!"

वळून पाहतो तर माय. वॉकर खाटेपाशी, आणि माय माझ्याकडे चालत येतेय! दहा पावलं आली. माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, रडली, आणि मग त्याच हातानं एक ठेवून दिली.

"कोनी ठेवले थे दगड वर?"

"म्या."

"कायले?"

"वावधनानं पत्रा उडू नये म्हनून."

"सकाळपासून काय सांगून राह्यली मी?"

कोठ्यात बसलेल्याला वरचे दगड दिसत नव्हते. बाहेर खाटेवर पडलेल्या मायला एकेक मोजता येत होता. पाच घरची माणसं मी शिट्ट्या वाजवून दगडांखाली बसवली आणि तिनं ती भाकरी दाखवून बाहेर काढली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. मी लाज सोडून रडलो. सगळे वाचले याचा आनंद इतका झाला की पाठीवर पडणाऱ्या थापा आहेत की धपाटे हेही कळेना.

जेवणं झाल्यावर किसनकाका उठले. काका गवंडी. आमचं घर त्यांच्याच हातचं.

"चाल बे, तुही भेग दाखव."

काकांनी आधी चारी कोपरे बाहेरून पाहिले, चौकटी पाहिल्या, स्लॅब पाहिला. मग दारात उभं राहून लांब काठी घेतली आणि माझ्या भेगेला टोचली. भुरभुर माती पडली. आतून पांढऱ्या, इवल्या इवल्या अळ्यांसारखं काहीतरी वळवळत बाहेर आलं.

"सुधाकर, भेग भिंतीच्या आत जाते. हे तं बाहेर आलेलं हाय. उधई हाय हे, बावा! वाळवी!"

"पण थे वाढत होतं, काका! मी खूण केली होती!"

"वाढनच ना. तुह्यासारखी बसून थोडी राह्यते थे? कामाची हाय."

घराला काही झालं नव्हतं! एवढीशी चीर नाही. काका म्हणाले, आजचा दिवस बाहेरच बसा, उद्या खुशाल राहा. मायनं उंबऱ्याशी खुर्ची मागून घेतली आणि भिंतीवरून असा हात फिरवला, जसा आमच्या लहानपणी ती आमच्या पाठीवरून फिरवायची. मंगला दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

तेवढ्यात दाराशी हॉर्न वाजला. खामगावची गाडी!

"वापस पाठवतो," मी म्हणालो.

"वापस कायले?" माय म्हणाली. "बिचारा एवढ्या उन्हात आला. मी नाही जात, माह्या घराले काही झालं नाही. याले बसवा."

"माय, मले?"

"हाव, तुले. दोन-तीन दिवस राह्य तिकडं. इथं सगळ्याइले जरा जीव वाचवू दे."

माझं कोणी ऐकलंच नाही. मंगलानं पिशवी भरली. पाच घरांनी मिळून मला गाडीत बसवलं, तेही रांगेनं.

खामगावला पोचलो तर शोभा दारातच उभी. कानाला फोन. मला वरून खालपर्यंत पाहिलं, जाकीट पाहिलं, आणि फोनमध्ये म्हणाली,

"पोचला व माय! भूकंप इथं पोचला!"