दर तोच, म्हणून स्टेज टू

माझ्या नातीच्या गाडीचं इंजिन मी फोडलं. अपघात झाला नाही, कुणी येऊन धडकलं नाही. मी पैसे देऊन, घासाघीस करून, पावती घेऊन ते फोडून घेतलं. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा मी पासष्टची होते, म्हणजे अक्कल यायच्या आधीची.

नात नुकती नोकरीला लागली होती आणि पहिल्या वर्षाच्या पगारातून तिनं एक जुनी, टर्बोवाली छोटी गाडी घेतली होती. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. त्यामुळे लहान इंजिन मोठ्यासारखं पळतं. एवढं तिनंच मला शिकवलं होतं. पुढच्या महिन्यात शहराबाहेरच्या एका ट्रॅकवर एकेक गाडी घड्याळ लावून पळवायची स्पर्धा होती आणि तिनं नाव दिलं होतं. कॉलेजात चार वर्षं ती रेसिंग टीममधल्या मुलांच्या गाड्यांची चाकं बदलत आली होती. चालवायला स्वतः बसायची ही पहिलीच खेप.

गाडीवर खर्च करायला तिच्याकडे चाळीस हजार होते. ते तिनं माझ्याकडे ठेवायला दिले, कारण तिच्याकडे पैसे टिकत नाहीत आणि माझ्याकडून सुटत नाहीत. सोबत क्रम लिहिलेला कागद: आधी ऑइल आणि स्पार्क प्लग, मग ब्रेक, मग मोठा इंटरकूलर. पैसे उरलेच तर शेवटी इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला बदल. दाबलेली हवा तापते, तापलेली हवा इंजिनाला खाते, म्हणून आधी ती थंड करायची सोय, म्हणजे तो इंटरकूलर, आणि ताकद सगळ्यात शेवटी. अर्धा तास समजावत होती बिचारी. मी मान डोलवत होते आणि मनात म्हणत होते, इतके पैसे घालायचे आणि कुणाला काही दिसायचंच नाही?

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसच्या कामाला दोन आठवडे बंगलोरला गेली. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. "तीन-चार दिवसांनी सुरू करून सोसायटीतल्या सोसायटीत फिरव, आजी. बॅटरी उतरायला नको."

आता खरं कारण सांगते. तिची दुसरी आजी, म्हणजे माझ्या विहीणबाई, पुण्याजवळच्या मांजरी गावच्या. घरचा ऊस. त्यांनी नातीच्या वाढदिवसाला गाडीला चार नवे टायर घालून दिले होते. कुणी गाडीचं कौतुक केलं की नात म्हणायची, "हे मांजरीच्या आजीचे टायर." माझं त्या गाडीत काय होतं? डॅशबोर्डवरचा गणपती, आणि तोही दर वळणावर सुटून खाली पडायचा.

तेव्हा मी गाडी काढली आणि वडगावच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये गेले. मालक चाळिशीतला, गळ्यात चष्मा, समोर लॅपटॉप. कागदावरचं शेवटचं काम, कॉम्प्युटरमधला बदल, तेवढाच करा म्हटलं.

"आज्जी, यात दोन प्रकार," तो म्हणाला. "स्टेज वनला थोडी ताकद वाढते, गाडीत दुसरं काही बदलावं लागत नाही. स्टेज टूला भरपूर वाढते, पण त्याला मोठा इंटरकूलर पाहिजे, प्लग नवे पाहिजेत आणि पेट्रोल भारीतलंच."

"दर?"

"दोन्हीचा एकच. काम लॅपटॉपवरचंच आहे ना."

पुण्यात वाढलेल्या बाईला हे वाक्य ऐकवू नये.

"मग वन घेतं कोण?"

"बरेच जण घेतात."

"पैसे तेवढेच देऊन कमी माल घरी नेतात?"

"आज्जी, तसं नसतं ते. गाडीला झेपायला हवं."

"झेपेल. इंटरकूलर दिवाळीला बसवू."

त्यानं एका कागदावर ग्राहकाच्या इच्छेनुसार वगैरे लिहून माझी सही मागितली. मी सही केली आणि सही केल्याबद्दल दोन हजार कमी करून घेतले. घरी येऊन स्वतःवर इतकी खूश होते की एकटीसाठी शिरा केला.

रविवारी विहीणबाईंना बोलावलं. त्या बसनं स्वारगेटला उतरल्या. मी आधीच तिथल्या पंपावर टाकी भरून घेतली होती, साध्या पेट्रोलनं. महागातलं भरून गाडीला काय वेगळी चव कळणार होती?

"तुम्हाला चालवाय येतं नव्हं?" त्यांनी पट्टा लावता लावता विचारलं.

"अहो, चाळीस वर्षं चालवतेय."

"गाडी वं. ही गाडी."

कोंढव्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला तसं मी पाय दाबला. गाडीनं जी उडी घेतली, तिनं मी स्वतःच गार पडले. पाठ सीटला चिकटली. गणपती थेट मागच्या सीटवर गेला. विहीणबाईंनी पदर तोंडात धरला आणि मी, काय सांगू, हसले. पासष्ट वर्षांची बाई, एप्रिलची भर दुपार, आणि विहिणीला भेदरवण्यात केवढा तो आनंद.

बापदेव घाटाचा चढ लागला आणि पुढून आवाज यायला लागला. स्टीलच्या डब्यात खडे घालून हलवावे तसा.

"ह्ये काय वाजतंय?"

"नवीन काम केलंय ना. वाजतं तसं."

"आमच्या पाण्याच्या इंजिनचं असंच वाजलं व्हतं. दुसऱ्या दिशी दांडा भाईर आला. थांबवा."

"अहो, ते डिझेलचं. हे वेगळं असतं."

"लोखंडच हाय ना?"

मी पाय आणखी दाबला. हे आजही लिहिताना माझा माझ्यावर विश्वास बसत नाही. बाई थांब म्हणतेय, इंजिन थांब म्हणतंय, आणि ही शहाणी त्या दोघांना हरवायला निघालीय. शेवटच्या वळणावर गाडीतला जीवच गेला. नुसती थरथर आणि मागे निळा धूर, इतका की मागचा दुचाकीवाला त्यात दिसेनासा झाला.

आम्ही कडेला उतरलो. विहीणबाईंनी गाडीला एक शांत फेरी मारली, वाकून पाहिलं, आणि म्हणाल्या, "टायर शाबूत हायत."

मग त्यांनीच फोन करून टेम्पो मागवला.

वर्कशॉपमध्ये इंजिन उघडलं तेव्हा मालकानं माझ्या तळहातावर पिस्टनचा तुटलेला टवका ठेवला. नखाएवढा. एवढ्याशानं सगळं संपतं? मी दोनदा विचारलं. तो म्हणाला, साधं पेट्रोल, जुने प्लग, तापलेली हवा आणि चढ, यातलं एखादं कमी असतं तरी वाचलं असतं. दुरुस्तीला चाळीस हजारांच्या दुप्पट लागणार होते आणि महिना तरी जाणार होता. ट्रॅकचा दिवस अडीच आठवड्यांवर होता.

नात बंगलोरहून आली ती बॅग घेऊन थेट वर्कशॉपमध्ये. ती ओरडेल, रडेल, सगळ्याची माझी तयारी होती. तिनं टवका उजेडात धरून पाहिला. मालकाला विचारलं, पेट्रोल कुठलं होतं. त्यानं माझ्या सहीचा कागद दाखवला, तो तिनं पूर्ण वाचला. मग माझ्यासमोरच ट्रॅकवाल्यांना फोन लावला आणि नाव मागे घेतलं. "नाही, तब्येत ठीक आहे माझी," असं दोनदा म्हणाली. तो शांत आवाज ऐकून मला घाटात बसला नव्हता एवढा धक्का बसला.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अगं, मला तुला सरप्राइज द्यायचं होतं."

तिनं हात पुसले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "सरप्राइज नव्हतं ते, आजी. विचारलंस तर मी नाही म्हणेन, हे तुला माहीत होतं, म्हणून तू विचारलं नाहीस. तेवढं कबूल कर, इंजिनाचं माझं मी बघते."