रिपोर्ट कुणाला द्यायचा?

नव्वदच्या दशकात मी बंगळूरला सॉफ्टवेअरच्या नोकरीत होते. बनशंकरीतलं एक हॉस्पिटल आणि जे. पी. नगरमधली एक लॅब यांच्यात पेशंटचे रिपोर्ट कॉम्प्युटरवरून पाठवता यावेत, हे आमचं काम. पुढेमागे देशभरच्या दवाखान्यांना एकच पद्धत लागू होईल, अशी मोठी मोठी स्वप्नं मीटिंगमध्ये चहाबरोबर वाटली जायची.

भांडण लागलं ते एका प्रश्नावरून. रिपोर्ट पाहायचा हक्क कुणाला? एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, "डॉक्टरला आणि घरच्यांना. पेशंटला काय कळतंय?"

माझं डोकंच फिरलं. "शरीर त्याचं, दुखणं त्याचं, आणि विचारायचं मात्र बाकीच्यांना होय?" मी फाडकन बोलले. बरीच वादावादी होऊन शेवटी माझंच म्हणणं मान्य झालं. रिपोर्ट कुणाला द्यायचा हे काउंटरवर आधी पेशंटला विचारायचं. उत्तर भरल्याशिवाय छापलाच जाणार नाही. मी नाक वर करून घरी आले.

काही महिन्यांनी आईच्या स्तनात गाठ सापडली. गाठीचा तुकडा तपासायला त्याच लॅबमध्ये गेला. मी मनाशी ठरवून टाकलं, वाईट निघालं तर आईला कळू द्यायचं नाही. साधी गाठ आहे म्हणायचं आणि ऑपरेशन उरकायचं. ती खचली तर?

"आई, तू घरीच थांब, मी आणते रिपोर्ट," म्हटलं. ती ऐकते कुठली! माझ्याआधी चपला घालून दारात उभी.

काउंटरवर बेळगावकडच्या एक बाई होत्या, आमच्या कामामुळे मला ओळखणाऱ्या. मी हात पुढे केला, तर त्यांनी थेट आईला विचारलं, "आज्जी, रिपोर्ट कुणाकडं देऊ?"

"माझ्याकडे," आई म्हणाली.

"अहो, मी मुलगी आहे यांची. मला द्या ना," मी हळूच म्हटलं.

"असं कसं ओ अक्का? नियम तुम्हीच केलाय की!"

कप्पाळ माझं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या बाईंचा इतका राग आला मला, की सांगता सोय नाही.

आई शाळेत इंग्रजीच शिकवायची. बाहेरच्या बाकावर बसून तिनं रिपोर्ट सावकाश वाचला. "कॅन्सर आहे," ती म्हणाली. माझा बांध फुटला. "तुला कळू नये असंच वाटत होतं गं मला!"

"ते सकाळीच कळलं. किती गोड वागत होतीस!" तिनं रिपोर्टची घडी घातली. "तुझ्या बाबांना त्यांचा आजार आपण सांगितला नाही. ते विचारायचे, मी हसायचे. शेवटी एकदा म्हणाले, 'पुरे आता, दमली असशील हसून.' सगळं माहीत होतं त्यांना. एका खोलीत राहून दोघं एकेकटेच रडलो आम्ही."

मी डोळे पुसायला लागले, तर तिनं माझा हात धरला.

"रड हवं तेवढं. पण माझ्यासमोर रड."